काकू जेवत नाही

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा कामं आपोआप वाटली गेली. दवाखान्यात तिच्याजवळ राहायचं ते तिच्या मुलीनं, आणि मागं अडीच-तीन आठवडे तिच्या घरात राहून दोन मांजरं सांभाळायची ती धाकट्या भावानं. भाऊ चोपन्न वर्षांचा, एकटा, कवळ्या बनवण्याच्या धंद्यात केस पिकलेला. पण ताईच्या लेखी तो अजून छोट्याच होता आणि ती हाकही तशीच मारायची.

छोट्याचा स्वभाव काळजीखोर. गॅस बंद केला का ते बघायला तो जिन्यातून दोनदा परत फिरायचा आणि तिसऱ्यांदा फिरलो नाही म्हणून दिवसभर झुरायचा. त्याला मांजरं सोपवायची म्हणजे दोघा बहीणभावांच्या जिवाला घोर, हे ताईला माहीत होतं. पण दुसरं होतं कोण?

मांजरांपैकी ठोंब्या दोन वर्षांचा, पिवळा, गलेलठ्ठ आणि मनानं निर्मळ. दुसरी काकू. काकू बारा वर्षांची, राखाडी, हडकुळी. कुणाच्या तरी घरी गेल्यावर पडदे धुतलेले नाहीत हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात येतं, तसा तिचा चेहरा. त्यावरूनच ते नाव पडलं होतं.

सोमवारी सकाळी ताईनं स्वतः डबा फोडून दोघांना घातलं आणि पिशवी घेऊन दारात उभी राहिली. फ्रिजच्या दारावर तिच्या अक्षरातला कागद लावलेला होता. एक डबा तीन दिवस. उघडला की उरलेलं झाकणाच्या भांड्यात, फ्रिजमध्ये. सकाळी सातला दोन चमचे, संध्याकाळी सातला दोन चमचे. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, ‘काकूची वाटी वेगळी’.

“ठोंब्याची चिंता नको, तो पायपुसणंसुद्धा खाईल,” ती म्हणाली. “काकूकडे बघ. गेल्या वर्षी तीन दिवस तोंडाला काही लावलं नाही, तर थेट लिव्हरवर गेलं होतं. मांजराला उपाशी राहणं सोसत नाही रे. दोन दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.”

“कळलं.”

“कळलं म्हणू नकोस. बघ.”

भाची मागं थांबली होती. ताई लिफ्टमध्ये शिरल्यावर तिनं हळूच सांगितलं, “मामा, आईचं ब्लडप्रेशर आधीच वरखाली होतंय. उद्या ऑपरेशन, नंतरचे चार दिवस नाजूक. काहीही झालं तरी तिला ‘सगळं ठीक’ एवढंच सांगायचं. वचन दे.”

छोट्यानं वचन दिलं. त्या घटकेला ते देणं अगदीच सोपं वाटलं.

संध्याकाळी सातला त्यानं फ्रिजमधून भांडं काढलं. मांस थिजून घट्ट झालं होतं, वर चरबीची पांढरट साय. त्यानं मोजून दोन चमचे काकूच्या वाटीत टाकले, दोन ठोंब्याच्या. ठोंब्या तुटून पडला. काकू सावकाश आली, वाटीत नाक घातलं, मान वर केली, छोट्याकडे एकदा पाहिलं आणि मग पुढच्या पंजानं वाटीशेजारची फरशी खरवडायला लागली. घाणीवर माती लोटावी तशी, व्यवस्थित, तिन्ही बाजूंनी. आणि शेपटी वर करून निघून गेली.

छोट्याला चांगलंच लागलं ते. “अगं, मी नाही केलेलं ते, डब्यातलंच आहे,” तो तिच्या पाठीला म्हणाला.

पण सकाळी उठून बघतो तर वाटी चाटूनपुसून लख्ख. त्याचा जीव भांड्यात पडला. लाजाळू असेल, माणूस समोर असताना खात नसेल, अशी त्यानं समजूत करून घेतली. मंगळवारी सकाळी वाट्या भरून तो लगेच कामावर गेला. संध्याकाळी वाट्या रिकाम्या. पुन्हा भरल्या. बुधवारी सकाळी रिकाम्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. मंगळवारी संध्याकाळी भाचीनं फोन ताईच्या कानाला लावला. भूल अजून पुरती उतरली नव्हती, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

“काकू?” ती म्हणाली.

“जेवली. वाटी चाटून पुसून.”

“शहाणी गं माझी,” ताई म्हणाली आणि झोपली.

बुधवारी दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी बसवून बघायची होती, ते आलेच नाहीत. छोट्या ज्यांच्याकडे काम करायचा त्या दातांच्या डॉक्टरांनी त्याला लवकर सोडलं. तो साडेबाराला घरी पोचला, हळूच कुलूप काढलं आणि दारातच थबकला. सकाळी सातचं काकूचं जेवण वाटीत होतं. ठोंब्या स्वतःची झोप पुरी करून नुकताच उठला असावा; तो काकूच्या वाटीवर वाकून, डोळे मिटून, मन लावून खात होता. काकू पुस्तकांच्या फळीवर बसून ते बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की हेवा नव्हता. बघण्यापुरतं बघत होती.

छोट्यानं बोटांवर मोजलं. सोमवारची संध्याकाळ, मंगळवारची सकाळ, संध्याकाळ, आजची सकाळ. सोमवारी ताईनं घातलेलं शेवटचं. म्हणजे दोन दिवस उलटून गेले होते आणि आपण काल आनंदानं ‘जेवली’ म्हणून सांगितलं होतं.

“मेल्या, ते वाटीत तसंच राहू द्यायला काय झालं होतं तुला?” तो ठोंब्यावर ओरडला. ठोंब्यानं मिशा चाटल्या.

पुढची दहा मिनिटं छोट्याच्या हातून जे झालं ते आठवलं की पुढं कितीतरी दिवस त्याच्या अंगावर काटा यायचा. मांजरांच्या खाण्याच्या दुकानात फोन लावला तर दुकानदार म्हणाला, “थंडगार देताय होय? गरम करा की!” छोट्यानं पुढचं ऐकलंच नाही. भांडं फ्रिजमधून काढलं, होतं तेवढं वाटीत ओतलं आणि मायक्रोवेव्हमध्ये सारून बटण दाबलं. बाहेर काढलं तेव्हा वाटीचा काठ जेमतेम कोमट लागला. वास मात्र घरभर सुटला. आणि त्या वासानं काकू खरंच फळीवरून उतरली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती घाईनं चालली. छोट्याला भरून आलं. तिनं वाटीत तोंड घातलं, मधोमध मोठा घास घेतला आणि किंचाळून मागं उडाली.

बाजूला कोमट आणि आत उकळतं! जो माणूस कवळ्यांच्या साच्यांसाठी तीस वर्षं रोज मेण तापवत आला, ज्याच्या मनगटाला पाण्याची ऊब थर्मामीटरच्या आधी कळते, त्यानं बोट घालूनसुद्धा बघितलं नव्हतं.

काकू कपाटाखाली गेली. छोट्या फरशीवर पालथा पडून आत बघत राहिला. त्यानं नवा डबा फोडला, ताजं खाणं बशीत घालून आत सरकवलं. तिनं बशी येताना पाहिली आणि आणखी मागं, भिंतीला चिकटून बसली. आता तिला वाटी नको होती, बशी नको होती, आणि बहुधा तोही नको होता.

शेवटी टॉवेलात गुंडाळून, हातावर तीन ओरखडे घेऊन त्यानं तिला पिंजऱ्यात घातलं आणि चार वाजता मांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या, बाह्या दुमडलेल्या, बोलणं तुटक पण हात मऊ. त्यांनी काकूचं तोंड उघडून आत दिवा मारला, हिरड्या बघितल्या, कान उलटून आतली कातडी बघितली.

“जीभ लाल झालीये, फोड नाही. कावीळ दिसत नाही अजून.” त्यांनी वजन केलं. “मागच्या नोंदीपेक्षा दोनशे ग्रॅम कमी. हिच्या अंगात आहेच केवढं, त्यातलं दोनशे म्हणजे पुष्कळ झालं.”

“मॅडम, मी तिला भाजलं हो.”

“तुम्ही तिला दोन दिवस उपाशी ठेवलंत, ते जास्त वाईट.” छोट्याचा चेहरा बघून त्या थोड्या नरमल्या. “मुद्दाम नाही केलंत, कळतंय मला. हे बघा, फ्रिजमधल्या खाण्याला वासच नसतो. आणि मांजर नाकानं जेवतं. उंदीर काही फ्रिजमधून निघत नाही, बरोबर? तो उबदार असतो. तेवढंच उबदार करायचं. कोमट पाण्यात भांडं ठेवून, ढवळून, मनगटाला लावून. वाटी बदला, ती बघितली की तिला चटकाच आठवणार. दुसऱ्या मांजराला खोलीबाहेर काढा. आणि घरी तिला कोण घालायचं, कसं, कुठं बसून, ते विचारून तसंच करा.”

“जिला विचारायचं ती दवाखान्यात आहे.”

“बोलता येतं ना त्यांना?”

“येतं.”

“मग?”

बाईंनी मळमळ थांबायचं इंजेक्शन दिलं आणि दारापर्यंत येऊन म्हणाल्या, “उद्या दुपारी बारापर्यंत वाट बघू. पोटात काही गेलं नाही तर घेऊन या. सलाइन लावून इथंच ठेवावी लागेल.”

घरी येऊन पिंजरा उघडला तशी काकू पुन्हा कपाटाखाली. सहा वाजता फोन वाजला. आज ताईचा आवाज चांगला होता, तिला उभं करून चार पावलं चालवलं होतं.

“काकू जेवली का रे?”

“जेवली.” हा शब्द आता दातात अडकलेल्या सुपारीसारखा बाहेर पडला.

“पुरं खाल्लं?”

“सगळं ठीक आहे, ताई.”

“बरं,” ती म्हणाली. आणखी काहीतरी विचारणार होती, पण थांबली. फोन ठेवला.

छोट्या त्या खोलीत उभाच राहिला. वचन दिलं होतं. ब्लडप्रेशर होतं. पण उद्या बारा वाजता मांजर सलाइनवर गेलं आणि त्यातून उठलं नाही, तर ताईला काय सांगायचं? कालपर्यंत जेवत होती? मग गेली कशानं? एकावर एक थापा रचत किती दिवस जाणार? दोनदा त्यानं फोन उचलून ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

“ताई, मी खोटं बोललो. काकू सोमवारपासून जेवलेली नाही.”

पलीकडून पलंग कुरकुरल्याचा आवाज आला, आणि लांबून भाची ‘आई, काय झालं?’ म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं. ठोंब्या, वाटी, मायक्रोवेव्ह, किंकाळी, दोनशे ग्रॅम, उद्या बारा.

“तुझं झालं?” ताई म्हणाली. “आता ऐक. भाजलंस त्याचा मला राग नाही. हातून होतं. पण दोन दिवस मला जेवली जेवली सांगतोस? मी इथं पडल्या पडल्या तेवढ्यावर निवांत होते रे.”

“तुला त्रास नको म्हणून...”

“मला त्रास कशाचा व्हावा हे तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत, होय?” हे बहुधा शेजारी उभ्या भाचीलाही होतं. मग ती म्हणाली, “फ्रिजमधून काढलंस आणि तसंच दिलंस?”

“कागदावर तसंच लिहिलंय.”

“म्हणजे, मीही तसंच देते. वेगळं काही करत नाही मी. काढते, वाटीत घालते, खुर्चीत बसते. बातम्या बघते. संपल्या की देते.”

“बातम्या संपेपर्यंत वाटी कुठं असते?”

“कुठं म्हणजे? मांडीवर. हातात धरून. संध्याकाळी गारठा असतो म्हणून वर शाल...” ती एकदम थांबली. “अगं बाई!”

“किती वेळ, ताई?”

“अर्धा तास तरी. आणि हां, बोटानं चिवडत असते मी ते, सवय आहे मला. मग ती येऊन बोट चाटते. मला वाटायचं तिला माझी माया आहे.”

“माया आहेच की.”

“माझी आहे की त्या उबेची, काय सांगावं.” ताई हसली, पण हसू पुरं झालं नाही. “फोन धर तिच्याजवळ. मी हाक मारते.”

छोट्या पालथा पडला, हात लांब करून फोन कपाटाखाली धरला. ताईनं अगदी लाडात येऊन दोन-तीन हाका मारल्या. काकूचा एक कान वळला. मग ती उठली आणि कपाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

“काय करतेय?” ताईनं विचारलं.

‘ऐकतेय गं’ हे त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

“उठून गेली,” तो म्हणाला.

“जाणारच. ‘मला सोडून गेलीस’ म्हणून रुसली असेल माझ्यावर. सकाळी कर सगळं आणि मला सांग. काय असेल ते सांग.”

गुरुवारी सकाळी सातला छोट्यानं आधी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. “आज येत नाही. काकू जेवत नाही.”

“अरेरे, काळजी घ्या. वय काय त्यांचं?”

“बारा.”

पलीकडून डॉक्टर ‘बारा?’ म्हणाले. पण ते समजावून सांगायला छोट्याला सवड नव्हती. त्यानं ठोंब्याला आतल्या खोलीत घालून दार ओढलं. आतून लगेच दाराला नख्या लागल्या. पातेल्यात पाणी तापवलं, मेण मऊ करायला घेतो तसं, वाफ न धरणारं. खाण्याचं भांडं त्यात ठेवून ढवळत बसला. चरबीची साय विरघळली, रस सुटला. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावला. ना गार, ना गरम. पुन्हा ढवळून पुन्हा लावला. चार वेळा लावला. मग काचेची उथळ बशी घेतली, ताईच्या खुर्चीत बसला, मांडीवर तिची शाल, शालीवर बशी, बशीत बोट.

साडेसात झाले. आठ झाले. कपाटाखालून काही नाही. खाणं निवलं, त्यानं उठून पुन्हा पाण्यात धरलं, पुन्हा बसला. टीव्ही लावून बघितला, मोठ्या आवाजाची भीती वाटून बंद केला, मग ताई लावते म्हणून बारीक आवाजात पुन्हा लावला. साडेआठ. नऊ वाजता ठोंब्या दमून गप्प झाला. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून छोट्या दर दोन मिनिटांनी बघत होता. पिंजरा दाराशी उघडा ठेवलेला होता, त्याकडं बघवत नव्हतं. सव्वा दहाला त्यानं तिसऱ्यांदा खाणं कोमट केलं. पाय बधिर झाले होते, पण हलायची छाती होत नव्हती.

साडेदहाच्या सुमाराला कपाटाखालून आधी मिशा आल्या. मग नाक. काकू बाहेर येऊन बसली आणि शेपटी पायांभोवती गुंडाळून टीव्हीकडं बघू लागली, जणू इथं कशाला आलो हे तिलाच आठवत नव्हतं. पाच मिनिटांनी ती खुर्चीपाशी आली. त्याच्या लोंबत्या हाताचा वास घेतला, कालच्या ओरखड्यांचाही घेतला. मग उडी मारून, म्हाताऱ्या हाडांनी दोनदा अंदाज घेऊन, मांडीवर चढली.

तिनं बशीकडं पाहिलं नाही. त्याचं बोट चाटलं. खरखरीत, गरम जीभ. एकदा, थांबून पुन्हा. त्यानं बोट रसात बुडवून पुढं केलं. तिसऱ्या वेळेला बोटाबरोबर मांसाचा एक कण गेला. मग तिनं मान लांब केली, बशीच्या काठावरून अगदी सावध चाटलं, मागं सरून बघितलं, आणि आणखी एक घास घेतला. एकूण चार घास. पाचव्याला तिनं मान फिरवली आणि तिथंच मांडीवर बसून तोंड पुसायला लागली.

छोट्यानं डाव्या हातानं फोन ओढला. आधी डॉक्टरीणबाईंना.

“चार घास खाल्ले. चारच.”

“चार तर चार. ओकली नाही ना?”

“नाही.”

“मग आणायची गरज नाही. दोन तासांनी पुन्हा तेवढंच. जबरदस्ती करू नका.”

मग ताईला. त्यानं चार घास म्हणून सांगितलं, कोणते कसे तेही सांगितलं. ताई ऐकत होती, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला.

“ताई, ब्लडप्रेशर...”

“गप रे. मोजलं आत्ताच, बरंय कालच्यापेक्षा.”

त्या दुपारी काकूनं सहा घास खाल्ले, संध्याकाळी अर्धी बशी. शुक्रवारी सकाळी तीन घास खाऊन तोंड फिरवलं, पण दुपारी तिनं ती तूट भरून काढली. आठवड्यानं वजन केलं तर दोनशेपैकी सव्वाशे ग्रॅम परत आलं होतं. फ्रिजवरच्या कागदावर छोट्यानं रोजचं लिहून ठेवलं, किती दिलं, किती गेलं, आणि ते जसंच्या तसं सहा वाजता फोनवर वाचून दाखवलं. एके दिवशी ‘काहीच नाही, फक्त रस’ असंही वाचावं लागलं. ताई म्हणाली, “असू दे. तिलाही एखाद्या दिवशी नको वाटतं.”

ठरल्याप्रमाणे, चालायचे व्यायाम दवाखान्यातच पुरे करून, अठराव्या दिवशी ताई काठी टेकत घरी आली. काकूनं तिला ओळख दिली नाही. दिवसभर पडद्यामागं बसून होती. संध्याकाळी ताई तिच्या खुर्चीत बसली, शाल घेतली, बशी मागितली, आणि भाचीनं ती वरच्या वर काढून घेतली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिना त्या पायावर काही ठेवायचं नाही, मांजर तर नाहीच नाही.

“मग ती जेवणार कशी?” ताई म्हणाली आणि तिनं छोट्याकडं बघितलं.

छोट्याची पिशवी भरून दाराशी तयार होती. त्यानं पिशवी खाली ठेवली, बाह्या दुमडल्या आणि पाणी तापवायला आत गेला.

“फार गरम नको हं,” ताई मागून म्हणाली.

“माहितीये,” तो म्हणाला, आणि तरीही बोट घालून बघितलं.